पसारा चालेल, नोंद चुकायला नको

अगं, नोकरी पक्की झाल्याचं कळल्यावर तू सगळ्यात आधी काय केलंस, तर कोठीच्या बाजारात जाऊन फायली आणल्यास. हिरवी सहावीची, पिवळी सातवीची, निळी आठवीची. वर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या, स्केचपेनांचा डबा आणि वर्षभराचं नियोजन लिहायची ती जाडजूड वही. तुझी आई कौतुकानं सांगत होती, मीही कौतुकच केलं. पण आत्या म्हणून आणि जन्मभर खडूची धूळ खाल्लेली बाई म्हणूनही आधीच सांगून ठेवते. श्रावण लागेपर्यंत त्या हिरव्या फायलीत आठवीचे पेपर असतील, पिवळीत लाईटचं बिल असेल आणि निळी स्टाफरूममधून कोणीतरी उचलून नेलेली असेल. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. शाळेत पसारा होतोच.

आपल्या हैदराबादेत, बरकतपुऱ्यात, काचीगुड्यात, नारायणगुड्यात मराठी घरातली मुलगी शिक्षिका होणं यात नवल काही नाही. केशवराव कोरटकरांनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू केली, त्यांच्याच नावानं १९४० साली नारायणगुड्यात केशव मेमोरियल निघाली. तेव्हापासून आपल्याकडे घर तिथे एक मास्तर नाहीतर एक बाई असते, आणि नवी बाई शाळेत जायला निघाली की जुनी तिला कानात चार गोष्टी सांगते. मला त्या माझ्या पहिल्या शाळेतल्या थोरल्या बाईंनी सांगितल्या. त्या निजामी अमलात उर्दूतून शिकलेल्या. घरी मराठी, बाजारात दखनी, मोलकरणीशी तेलुगू आणि हिशेब मात्र मनातल्या मनात उर्दूत. त्यांचं कपाट उघडलं की अंगावर काहीतरी पडायचंच. पण वीस वर्षांपूर्वीच्या मुलाची जन्मतारीख विचारली, तर चहा निवायच्या आत काढून द्यायच्या.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तीन गोष्टी त्या क्षणी आणि शाईनं लिहायच्या: हजेरी, गुण आणि पैसे. बाकी सगळं पेन्सिलीनं लिहिलं तरी चालतं, उद्यावर गेलं तरी चालतं, आणि कधी हरवलं तरी शाळा बंद पडत नाही. नव्या बाईचं नेमकं उलट होतं. ती फळ्याशेजारचा तक्ता तीन रंगांत रंगवते आणि हजेरी ‘नंतर भरू’ म्हणून ठेवते.

हजेरीपासून सुरू करू. पहिल्या तासाला वर्गात शिरलीस की ‘गुड मॉर्निंग’ झाल्यावर रजिस्टर उघडायचं, पुस्तक नाही. मुलं ओरडत असली तरी. नाव घेऊन हजेरी घे. डोकी मोजून घेऊ नकोस, आणि मॉनिटरकडून तर मुळीच घेऊ नकोस. मॉनिटर दोस्ताची हजेरी लावतो, सगळेच मॉनिटर लावतात. दुपारची हजेरी वेगळी घ्यायची. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन न परतलेलं पोर सकाळच्या खुणेवर दिवसभर हजर दिसतं, आणि संध्याकाळी आई फाटकात येऊन विचारते तेव्हा तुझ्याच सहीचा कागद तुझ्याविरुद्ध बोलतो.

खूण चुकली तर व्हाईटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर खूण आणि बारीक सही. खाडाखोड केली म्हणून कोणी रागावत नाही, झाकली म्हणून संशय मात्र घेतात. रविवार आणि सुट्ट्यांचे रकाने महिना सुरू होतानाच लाल शाईनं बंद करून टाक. महिनाअखेरीची बेरीज शेवटच्या दिवशी शाळेतच कर, आणि आडवी आणि उभी दोन्हीकडून करून बघ. दोन्ही जुळल्याशिवाय पर्स खांद्याला लावायची नाही.

आता नावं. यावर जरा थांबते, कारण हैदराबादेत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तुझ्या वर्गात तेलुगू मुलं असतील, त्यांचं घराणं आधी आणि नाव नंतर. मुसलमान मुलं असतील, त्यांच्यात बापाचं नाव वेगळं आणि मुलाचं वेगळं, आडनाव असेलच असं नाही. काचीगुड्याकडची मारवाडी, गुजराती असतील. चार-दोन मराठी असतील, आणि गंमत म्हणजे घोळ त्यांच्याच नावात जास्त. घरी मुलगा, वडील, आडनाव अशा क्रमानं तीन शब्द. शाळेतल्या कारकुनानं इथल्या रिवाजाप्रमाणे आडनावाचं आद्याक्षर पुढे घेतलं की कुलकर्ण्यांचा अक्षय ‘के. अक्षय’ होतो. आधार कार्डावर तीन शब्द उलट्या क्रमानं असतात, जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावात एक ‘एच’ जास्त असतो. एकच पोरगा तीन कागदांवर तीन माणसं होऊन बसतो.

सहावीत हे कोणाला टोचत नाही. टोचतं दहावीत, नॉमिनल रोल, म्हणजे बोर्डाकडे जाणारी परीक्षार्थींची यादी भरताना. तिथे जसं नाव गेलं तसंच एसएससीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रकावर, छापून येतं, आणि पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळे तो मेमोच पुरावा म्हणून मागतात. मेमोतली चूक दुरुस्त करायची म्हणजे शाळेचा अर्ज, जुन्या रजिस्टरची प्रत, बोर्डाच्या चकरा. म्हणून तू जूनमध्येच एक काम कर. वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स मागव, प्रवेश रजिस्टरातली नोंद समोर ठेव आणि तिन्ही नावं आणि तिन्ही तारखा अक्षर न् अक्षर लावून बघ. जिथे फरक असेल तिथे रजिस्टरात तू काहीएक करायचं नाहीस, तो अधिकार तुझा नव्हे. वेगळ्या कागदावर यादी करून मुख्याध्यापकांना दे आणि पालकांना बोलावून घे. चाळीस मुलांत सहा-सात तरी निघतीलच.

थोरल्या बाईंच्या काळी हा घोळ आणखी मोठा होता. जुनी रजिस्टरं उर्दूत, आणि तारखा फसली सनाच्या. निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं, महिने आजूर, दै, बहमन, इसफंदार असे. बाई म्हणायच्या, सनात ५९० मिळव म्हणजे इसवी सन येतं, पण महिना बहमनच्या पुढचा असला की ५९१. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर कित्येक वर्षांनी म्हातारी माणसं वयाचा दाखला मागायला यायची. १३४५ फसली, महिना खुरदाद, एवढंच त्यांना ठाऊक असायचं. बाई रजिस्टर काढून बोटानं ओळ शोधायच्या, वहीच्या मागच्या पानावर बेरीज करायच्या आणि ऑफिसला चिठ्ठी लिहून द्यायच्या. ज्या कोण्या मुन्शीनं ती ओळ लिहिली होती, त्यानं त्या दिवशी ‘नंतर भरू’ म्हटलं असतं, तर त्या म्हाताऱ्याच्या हाती काय लागलं असतं?

हे जुन्या काळापुरतंच होतं असं समजू नकोस. २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे तेलंगणात सरकारी नोकरीसाठी ‘लोकल’ कोण, हे पहिली ते सातवीतली किमान चार वर्षं कुठे शिकलात यावरून ठरतं. त्याआधी चौथी ते दहावी बघत. म्हणजे तुझ्या सहावीच्या वर्गात आज खिडकीबाहेर बघत बसलेला मुलगा आणखी दहा वर्षांनी, मिशा फुटल्यावर, बोनाफाईड मागायला ऑफिसच्या खिडकीशी उभा राहणार आहे. तेव्हा तू त्या शाळेत नसशील कदाचित. रजिस्टर असेल.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात समजावण्यासारखं काही नाही, फक्त पाळायचं आहे. सहलीचे, स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचे, परीक्षा फीचे पैसे मुलं सकाळी मुठीत घेऊन येतात. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ नये तसे शाळेचे पैसे घरच्या पाकिटात जाऊ नयेत. वेगळा लिफाफा, त्याच्यावरच नाव आणि रक्कम, मुलाच्या डायरीत त्याच वेळी ‘मिळाले’ आणि सही. शाळा सुटायच्या आत ऑफिसला भरून पावती घ्यायची. आणि हल्ली पालक म्हणतात, मॅडम, तुमच्या नंबरवर फोनपे करते. हात जोडून नाही म्हण. शाळेचे पैसे तुझ्या खात्यात एकदा आले की त्यात भाजीचे, रिक्षाचे, भिशीचे मिसळतात आणि मार्चमध्ये कोणाचे बाराशे आले आणि कोणाचे राहिले हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका अत्यंत सरळ बाईंवर अशाच हिशेबापायी बालंट आलं होतं. पैसा खाल्ला नव्हता त्यांनी, लिहिला नव्हता.

आता गुण. तेलंगणात एफए, म्हणजे वर्षभरातल्या छोट्या चाचण्या, चार, आणि एसए, म्हणजे मोठ्या परीक्षा, दोन. एफएचे २० गुणही एकदम द्यायचे नाहीत. वाचून दिलेली प्रतिक्रिया, वहीतलं लेखन, प्रकल्प आणि स्लिप टेस्ट, असे पाच-पाचांचे चार तुकडे. चाळीस मुलं, चार तुकडे, चार एफए, म्हणजे एका सेक्शनचे एका विषयाचे ६४० आकडे. तुझे सेक्शन पाच. गुणांचे नियम सरकार अधूनमधून हलवतं, आकडे भरायचं काम मात्र कधी कमी होत नाही. हे सगळे आकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘बसून करू’ असं ठरवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या बसून आकडे भरत नाहीत, आकडे रचतात. मुलांना ते लगेच कळतं. ज्यानं प्रकल्प दिलाच नाही त्याला चार आणि ज्यानं रात्री जागून केला त्यालाही चार, हे एकदा झालं की पुढच्या वेळी कोणीच जागत नाही.

म्हणून स्लिप टेस्टचा गठ्ठा ज्या दिवशी झाला त्याच दिवशी तपासायचा. पाच गुणांचा कागद, चाळीस कागदांना ऑफ पीरियड एक पुरे. मोठे पेपर असतील तर पेपर पेपर तपासू नकोस, प्रश्न प्रश्न तपास. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग गठ्ठा उलटा करून सगळ्यांचा दुसरा. उलटा करायचं कारण असं, की गठ्ठ्याच्या तळाशी पोचेपर्यंत आपण दमतो आणि चिडतो. तळाचा मुलगा दर प्रश्नाला तळाशीच राहिला तर त्याचे दोन-तीन गुण फुकट जातात. पेपर रोल नंबरप्रमाणे लावायचे ते तपासून झाल्यावर, आधी नाही. आधी लावले की हुशार मुलाचा पेपर कुठे आहे हे हाताला कळतं आणि पेन आपोआप सैल सुटतं.

बेरीज दोनदा, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. रजिस्टरात चढवताना एकटीनं चढवू नकोस. स्टाफरूममधल्या एखादीला म्हण, तू वाच, मी लिहिते, मग तुझे मी वाचते. नंबर, नाव आणि गुण असं तिन्ही वाचायचं. नुसता नंबर वाचला आणि एक ओळ चुकली की पुढचे सगळे एकेक घर सरकतात आणि नापास पोरगी वर्गात पहिली येते. आणि जो आलाच नाही त्याला शून्य देऊ नकोस, ‘गैरहजर’ लिही. शून्य म्हणजे बसला आणि काही आलं नाही. न आलेल्या मुलाबद्दल आपल्याला तेवढंही माहीत नसतं.

वह्यांचा प्रश्न वेगळा, आणि नवी शिक्षिका रडते ती बहुधा इथेच. हिशेब करून बघ. पाच सेक्शन, चाळीस-चाळीस वह्या, दोनशे. वहीला दोन मिनिटं धरली तरी ४०० मिनिटं, सहा तास चाळीस मिनिटं. हे एका फेरीचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला ४५ तास धरलेत आणि त्यात तयारीचा वेळ धरलाय. म्हणजे घरी नेऊन रात्री बारापर्यंत तपासायच्या वह्या कायद्यानंही तुझ्या माथी मारलेल्या नाहीत. पिशव्या भरभरून वह्या घरी नेणाऱ्या बाईला सगळे कष्टाळू म्हणतात. मी अव्यवस्थित म्हणते. नारायणगुड्याच्या उतारावर पावसात रिक्षा शोधताना एक वही जरी भिजली, तरी त्या मुलाचं जूनपासूनचं लेखन गेलं, आणि लेखनाचे पाच गुण आता कशावरून द्यायचे?

थोरल्या बाईंची रीत अशी होती. तासाचा शेवटचा भाग मुलं उत्तरं लिहितात. तेवढ्यात पाच मुलांना एकेक करून टेबलाशी बोलवायचं, वही मुलासमोर तपासायची. ठरलेली पाच, रोल नंबरप्रमाणे, म्हणजे कोणी लपत नाही आणि कोणी पुढे पुढे करत नाही. आठ तासांत चाळीसजण होतात, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत एक फेरी. मुलाला चूक तिथेच दाखवता येते, आणि घरी तपासून लाल शाईत लिहिलेलं कोणी वाचत नसतं हे तर तू विद्यार्थिनी असताना स्वतः केलं आहेस. सहीखाली तारीख हवीच. आणि न वाचलेल्या पानावर सही करायची नाही. दोन पानं वाचून झाली तर दोनच पानांवर कर. एखादा बेरकी पोरगा उत्तराच्या मध्येच सिनेमाचं गाणं लिहून ठेवतो, बाई वाचतात का ते बघायला. तुझी सही त्या गाण्याखाली सापडली की पुढची दोन वर्षं तुझा वचक गेला.

वर्षाची आखणी जूनकडून एप्रिलकडे करू नकोस, एप्रिलकडून जूनकडे कर. शाळा १२ जूनला उघडते, पण पुस्तकं, सेक्शनची अदलाबदल, नवे प्रवेश यात महिना जातो. मग बोनालूचा सोमवार, पंधरा ऑगस्टची कवायत, गणपती. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुका हुसेनसागराकडे निघाल्या की आपल्या बाजूला शाळेची बस फिरकतच नाही. मग बतुकम्मा, दसऱ्याची लांबलचक सुट्टी. जानेवारीत संक्रांत. आणि मार्चच्या मध्यापासून ‘ओंटीपूट’, म्हणजे अर्ध्या दिवसाची शाळा सुरू झाली की तास छोटे होतात, आणि दहावीचं केंद्र असलेल्या शाळेत तर खोल्याही मिळत नाहीत. म्हणून मार्चमध्ये नवा धडा धरायचाच नाही, उजळणीच. म्हणजे सगळे धडे फेब्रुवारीअखेर संपायला हवेत. त्यावरून मागे मागे येत मोज, आणि दर चौथा आठवडा टाचणवहीत कोरा सोड. कोरा म्हणजे कोराच. मुख्याध्यापक विचारतील हा रिकामा का, तर ‘उजळणी’ म्हण. तो आठवडा पावसाची सुट्टी, बंद, अचानक ठरलेली तपासणी आणि तुझा स्वतःचा ताप यांचा आहे.

तापावरून आठवलं. तू गैरहजर असशील त्या दिवसाची तयारी आजच करून ठेव. टेबलाच्या खणात एक पातळ फाईल, तुझ्या त्या रंगीतपैकी एखादी उरली असेल तर ती. तिच्यात वर्गाच्या बाकांचा नकाशा आणि कोण कुठे बसतं ते. कोणाला दमा आहे, कोणाला चष्म्याशिवाय दिसत नाही, कोणाला घरी कोण न्यायला येतं. प्रत्येक इयत्तेला पुरेल असं एका तासाचं काम, बदली शिक्षिकेला पुस्तक न उघडता देता येईल असं. आणि वर्गातल्या ज्या मुलीला खडू कुठे असतात ते माहीत असतं तिचं नाव. बस. तू परत येशील तेव्हा ‘काल काय झालं’ हे विचारत तुझा पहिला तास जाणार नाही.

बाकांचा तो नकाशा तुझ्यासाठीही आहे. पहिले आठ दिवस तो हातात ठेवून शिकव, नावं पाठ होतात. शाळेच्या कागदांवर इंग्रजीत लिहायचं ते लिही, पण तुझ्या स्वतःच्या डायरीत नावं देवनागरीत लिही, मुलाची आई हाक मारते तशी. इंग्रजी स्पेलिंगवरून तेलुगू नाव उच्चारायला गेलीस तर वर्ग हसतो, आणि ज्याचं नाव चुकतं तो हसत नाही. त्याच डायरीत पालकांशी झालेलं बोलणं तारखेसह दोन ओळीत उतरवून ठेव. इथले पालक ‘परसोंच तर सांगितलं होतं’ म्हणतात, आणि आपल्या हैदराबादचं परसों गेल्या मंगळवारपासून गेल्या वर्षापर्यंत काहीही असू शकतं. भांडायचं नाही, डायरी उघडायची. मात्र मुलाच्या घरातलं भांडण, बापाचं पिणं, कर्ज असलं काही तिथे लिहू नकोस. ते डोक्यात ठेव. डायरी स्टाफरूमच्या टेबलावर राहते आणि टेबलाला डोळे असतात.

फोनबद्दल तुला मी काय शिकवणार! एवढंच बघ, की ग्रुपवर रात्री दहाला येणारी सूचना फोनमध्येच राहिली तर ती सकाळी दीडशे मेसेजखाली गेलेली असते. वाचलीस की तारखेच्या पानावर एक ओळ लिही आणि फोन उपडा ठेव. कागदांचे फोटो काढून ठेवायची जी नवी सवय आहे ती मला अर्धीच पटते. फोटो काढणं म्हणजे कागद ठेवणं नव्हे. तुझ्या मावसभावाच्या लग्नाच्या आणि सातवीच्या स्लिप टेस्टच्या फोटोंमध्ये ती गुणपत्रिका तू एप्रिलमध्ये शोधणार आहेस, आणि तेव्हा फोन म्हणेल, जागा संपली.

शेवटचं तुझ्या स्वतःच्या कागदांबद्दल. मुलांची नोंद चोख ठेवणाऱ्या बायकाच स्वतःच्या कागदांबाबत सगळ्यात गाफील असतात. आपल्या बरकतपुऱ्याच्या चमनजवळ भविष्य निधीचं, म्हणजे पीएफचं, ऑफिस आहे. सकाळी भाजी आणायला जाशील तेव्हा फाटकापाशी उभ्या माणसांकडे बघ. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स. त्यात खासगी शाळांतल्या बायका कितीतरी असतात. कोणाच्या पीएफच्या यूएएन नंबरवर लग्नाआधीचं नाव आहे आणि आधारवर लग्नानंतरचं, कोणाच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा पडलाय, कोणाच्या जुन्या शाळेनं सोडल्याची तारीखच भरली नाही. मग दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन भरा, जुन्या शाळेची सही आणा, आणि ती शाळा तर कधीच बंद पडलेली. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांच्या तारखा जुळवल्या आणि स्वतःची राहिली.

तुझ्या शाळेत वीसाहून जास्त माणसं कामाला आहेत, तेव्हा पीएफ लागू असणारच. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते का बघ, आणि दिसली की ती खात्यात जमा होते का तेही फोनवर बघ, दर महिन्याला. मूळ प्रमाणपत्रं शाळेत ठेवून घेतो म्हणाले तर दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत आणायची. काही ठिकाणी ती अडकवून ठेवतात आणि नोकरी सोडताना मुलीला रडवतात. ठेवावीच लागली तर काय काय ठेवलं त्याची लेखी पोच घे, शिक्क्यासह.

आणि रविवारी इकडे येशील तेव्हा नेमणूकपत्र, आधार आणि एसएससीचा लाँग मेमो घेऊन ये. तिन्ही शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख बघू. तुझ्या बाबांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेलं आहे असा मला दाट संशय आहे, कारण माझंही तसंच होतं. निघालाच फरक तर सोमवारीच ऑफिसला अर्ज दे, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.